घराजवळची उभी गाडी

परवा रविवारी जेवताना माझा मुलगा आणि नात यांच्यात वाद लागला आणि निवाडा माझ्याकडे आला. वाद असा की, व्हिडिओ गेमचे पैसे पूर्वी जास्त वसूल व्हायचे की आता होतात.

मुलगा म्हणाला, "आमच्या वेळी एक कॅसेट आणली की वर्षभर पुरायची. तुम्ही दर आठवड्याला नवीन खेळ उतरवून घेता आणि एकही शेवटपर्यंत नेत नाही."

नात म्हणाली, "पुरायची नाही बाबा, तुम्ही पुरवायचात. दुसरं होतं काय तुमच्याकडे? मला एका पिझ्झाच्या पैशात महिनाभर शेकडो गेम मिळतात. आजी, तू सांग. तू दोन्ही बघितलंस."

मी म्हटलं, "ताक कुणाला हवंय?" एवढं म्हणून वेळ मारून नेली, कारण उत्तर दोन घासांमध्ये मावणारं नव्हतं. आता दुपारी सगळे आपापल्या कामाला गेलेत, तर बसून लिहिते. मला काही लिहिण्याचं शिक्षण नाही. बोलते तसंच लिहिणार, तुम्ही सांभाळून घ्या.

आम्ही काशीचे. म्हणजे सासरचे लोक कित्येक पिढ्या रामघाटावर, मी लग्न होऊन आले. गलीतल्या उंच घरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वर छत, छतावर बंदर, म्हणजे माकडं. हे एका शाळेत संस्कृत शिकवायचे. एकच मुलगा. तो कॉलेजात असताना चौकातल्या एका दुकानात जायचा. तिथे टीव्हीला डबा जोडून ठेवलेला असे आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या भाड्याने पोरं खेळत. वेळ संपली की दुकानदार मागून खांद्यावर टिचकी मारायचा, मग खेळ कितीही रंगात आलेला असो. मुलगा घरी येऊन जेवणावर राग काढायचा. ह्यांना कळलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "भाड्याचं घर ऐकलं होतं, भाड्याचा खेळ आजच ऐकला."

मुलाला पुण्याला नोकरी लागली. दिवाळीला आला तो हातात खोकं घेऊन. पहिल्या पगारातून घेतलेला स्वतःचा डबा, वायर असलेले दोन रिमोट, आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलं होतं की यात लाखांनी खेळ आहेत. चार दिवस घरात धुमाकूळ घातला. आम्हा दोघांनाही बळेबळे शिकवलं. जाताना म्हणाला, "तिकडे माझ्याकडे टीव्ही नाही. राहू दे इथेच, येईन तेव्हा खेळेन." मी त्या डब्यावर क्रोशाचा रुमाल टाकला आणि टीव्हीच्या खाली ठेवून दिला.

त्याच वर्षी हे रिटायर झाले आणि ह्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. पुण्याच्या लोकांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. क्षेत्रसंन्यास म्हणजे घरदार सोडणं नाही. घरातच राहायचं, पण काशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही असा संकल्प. लग्नकार्य असो, आजारपण असो, नाही म्हणजे नाही. गंगेच्या पलीकडची वाळूसुद्धा हद्दीबाहेर. सासऱ्यांनी घेतला होता, ह्यांनीही घेतला. पंचगंगा घाटावर सकाळी संकल्प झाला. ह्यांनी उजव्या हातात पाणी घेतलं आणि मी शेजारी बसून त्या हाताला हात लावला. सवयच तशी. आमच्याकडे कुठल्याही पूजेत नवरा संकल्प सोडतो तेव्हा बायको त्याच्या हाताला हात लावते, म्हणजे तिचाही त्यात वाटा. गुरुजींनी काही म्हटलं नाही, ह्यांनी काही म्हटलं नाही. पाणी सोडलं गेलं, आणि घरी जिना चढताना माझ्या मनात आलं की बाई गं, आता तूही बांधली गेलीस.

कुणाला विचारलं नाही. विचारून काय, हात तर लावून झाला होता.

पुढचा काळ फार मोठा वाटला. घरात मराठी बोलायला आम्ही दोघं, आणि त्यातले एक बोलत नव्हते. शाळेत जन्मभर बोलून ह्यांचं बोलणं जणू संपलं होतं. सकाळी स्नान, मग पोथी, दुपारी पोथी, संध्याकाळी संध्या. मी "भाजी कोणती करू?" विचारलं की "कोणतीही" असं उत्तर. मंगलागौरीच्या देवळाजवळची मराठी घरं एकेक करून कुलूपबंद होत होती. मुलं पुण्याला, नागपूरला, मग म्हातारेही त्यांच्या मागे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी पूर्वीच्या सवयीने डाळ वाटून ठेवायची आणि ती दोन दिवस आम्हीच खायचो. मी एकटीच छतावर जाऊन नावा बघत बसे.

एक दिवस हे संध्या आटोपून टीव्हीसमोर येऊन बसले आणि म्हणाले, "तो डबा चालतो का गं?"

मी बघतच राहिले. ह्यांनी रुमाल बाजूला केला, कॅसेट हातात घेतली, चष्मा वर करून तिच्यावरचा आकडा वाचला. "एवढे खेळ आहेत यात. मुलाने कमाईचे पैसे घातले आणि आपण रुमाल घालून ठेवलाय. हे बरं नाही."

"मग काय करायचं म्हणता?"

"एकापासून सुरू करू. रोज एक."

तर आमच्या घरात अशा रीतीने कॅसेटचं पारायण सुरू झालं. ह्यांचा नियम, अध्याय गाळायचा नाही. कंटाळवाणा खेळ आला तरी तो दिवस त्याचाच. कॅसेट कधी कधी चालायची नाही, नुसत्या रेघा यायच्या. मुलाने शिकवलं होतं की तोंडाने फुंकर घालायची. पण ह्यांचा हात अग्नीची सेवा केलेला, आणि अग्नीला तोंडाने फुंकत नाहीत. तेव्हा हे स्वयंपाकघरातून फुंकणी आणायचे आणि फुंकणीने कॅसेट फुंकायचे. मी पदरात तोंड घालून हसायची.

थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की खेळ परत परत येताहेत.

"अहो, हा तर मागच्या सोमवारचाच."

"रंग वेगळा आहे."

"रंग वेगळा, पण माणूस तोच आहे की. तशाच उड्या मारतोय."

"मग आवर्तन समज."

मुलाचा शेजाऱ्यांकडे फोन आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं, तर तो फोनवर खो खो हसला. "आई, सगळ्या कॅसेटी तशाच असतात. फसवतात ते. दहाबारा खेळ असतात, तेच फिरवून फिरवून." मी वर येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "देव एक असतो आणि नावं हजार असतात. तिथे कुणी फसवलं म्हणत नाही."

त्या फिरून येणाऱ्या खेळांत एक रणगाड्यांचा होता. तो आला की पारायण तिथेच थांबायचं. बघा, पडद्यावर विटांच्या भिंती, आणि खाली मधोमध विटांच्या कुंपणात एक पक्षी. ते आपलं घर. वरून शत्रूचे रणगाडे येतात, घर फुटलं की खेळ संपला. दोघांनी खेळायचा असेल तर एकाची पिवळी गाडी, एकाची हिरवी. प्रत्येकाला मोजक्या गाड्या मिळतात, एक फुटली की दुसरी, त्या संपल्या की तुम्ही बाहेर.

पिवळी ह्यांची, हिरवी माझी. पहिल्याच दिवशी हे म्हणाले, "मी पुढे जातो. तू घर सांभाळ."

"त्यात नवीन काय सांगितलंत?" मी म्हटलं.

आणि हे हसले. मोठ्याने हसले, मला आठवतच नव्हतं ते शेवटचे कधी तसे हसले होते.

त्या खेळात हे बोलायला लागले. "डावीकडून येतोय, डावीकडून." "अगं, आपलीच भिंत का फोडतेस?" "शाबास." शाबास हा शब्द ह्यांनी मला लग्नानंतर तिथेच पहिल्यांदा म्हटला. खाली शेजारीण विचारायची, "का हो माताजी, पंडितजी के घरे से ई कइसन आवाज आवत हौ?" मी म्हणायची, लढाई चल रही है. ती म्हणायची, "बुढ़ापे में?"

पण एक होतं. तो खेळ साठवून ठेवता यायचा नाही. आज इथवर आलो, उद्या इथून पुढे, असं नाही. आणि काशीतली बत्ती तर कधी जाईल नेम नाही. पाच-सहा भिंती, म्हणजे तितक्या फेऱ्या, पार केल्या, की गेली बत्ती. अंधारात ह्यांचा आवाज यायचा, "उद्या पुन्हा पहिल्यापासून." मला ते आवडायचंच. कुठे पोचायची घाई होती?

मग मुलाचं लग्न झालं, ते काशीतच करून घेतलं. सुनेला आई नव्हती. पुढे एक दिवस मुलाचा फोन आला, की तिला दिवस गेलेत, आणि शेवटचे महिने तू इकडे ये. "आई, तिचं दुसरं कुणी नाही. येशील ना?"

मी म्हटलं, "बघते." बघते काय? मी फोन ठेवला आणि मंगलागौरीच्या देवळात जाऊन बसले. देवीला म्हटलं, माझ्या नातवंडाला न्हाऊ घालायला मी जायचं नाही का? पण हात लावला होता. पाण्याला साक्षी ठेवून लावला होता. आणि मी संकल्प मोडला तर ह्यांचाही मोडेल, आयुष्यभराचं ह्यांचं एवढं एकच मागणं. ते कितीतरी दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मुलाचे फोन यायचे आणि मी म्हणायची, ह्यांची तब्येत जरा बरी नाही रे.

एक दिवस आम्ही खेळत होतो. माझी हिरवी गाडी घराजवळ, ह्यांची वरच्या कोपऱ्यात. तोंडाकडे बघायचं नसतं म्हणून असेल, पडद्याकडे बघत मी म्हणून गेले, "घाटावर संकल्प केलात तेव्हा मी हाताला हात लावला होता."

"हं."

"म्हणजे मीही हद्द ओलांडायची नाही ना?"

ह्यांची पिवळी गाडी थांबली. एका गोळ्यात फुटली, दुसरी आली, तीही तिथेच उभी राहिली.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? प्रत्येक पूजेत तसंच असतं."

"संकल्पात मी माझंच नाव घेतलं होतं. पत्नीसह असा शब्द उच्चारला नव्हता. तुझ्यावर काही नाही."

"मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीत?"

पडद्यावर शत्रूच्या गाड्या धडाधड विटा फोडत होत्या आणि मी त्यांना अडवतही नव्हते.

"तू विचारलं नाहीस," हे म्हणाले. मग पडद्याकडे बघतच, "आणि तुला तसं वाटतंय हे मला ठाऊक होतं. वाटू दे म्हटलं."

राग यायला हवा होता, आला नाही. एवढंच समजलं की हा माणूस गप्प होता तेव्हाही कुणीतरी घरात असावं असं त्याला वाटत होतं. घर फुटलं, खेळ संपला. ह्यांनी पुन्हा लावला. मी म्हटलं, "आज मी पुढे जाते. तुम्ही घर सांभाळा."

हे म्हणाले, "जा."

पुण्याकडची आमची गाडी मुगलसरायहून होती, म्हणजे गंगेच्या पुलापलीकडे. माहेरचे एक नातेवाईक त्याच गाडीने जाणार होते, त्यांची सोबत होती. हे ऑटोतून राजघाटापर्यंत आले, आणि पूल सुरू होण्याच्या अलीकडे ऑटो थांबवून उतरले. "पोचलीस की कळव." मी मागच्या काचेतून बघत होते. धोतर सावरत कडेला उभे होते, ट्रकांच्या धुळीत. हात वगैरे हलवला नाही. ह्यांना ते कधी जमलंच नाही.

नात झाली. तीच ती, पिझ्झावाली. मी तिला मांडीवर घेऊन तेल लावायची, आणि मन रामघाटाच्या जिन्यात असायचं. जेवणाची सोय करून आले होते. मंगलागौरीजवळच्या एका मराठी घरून दुपारचा डबा यायचा, रात्रीची खिचडी हे करून घ्यायचे. रविवारी गलीतल्या बूथवरून फोन यायचा. ह्यांचा फोन म्हणजे तार.

"बाळ कसंय?"

"छान आहे. तुम्ही जेवताय ना वेळेवर?"

"हो."

"खेळता की नाही?"

"लावतो रोज."

"कुठवर जाता?"

"पहिल्या-दुसऱ्या भिंतीपर्यंत."

मला नवल वाटायचं. एवढे तरबेज, आणि पहिल्या-दुसऱ्या भिंतीतच का अडकतात? मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. मुलाला म्हटलंसुद्धा, ह्यांचे डोळे तपासायला हवेत.

बाळ बसायला लागल्यावर मी परत आले. मुलगा सोडायला आला होता, तो सामान घेऊन मागून जिना चढत होता आणि मी पुढे. दिवेलागणीची वेळ. वरून खेळाचा आवाज येत होता. दार नुसतं लोटलेलं. हे पाठमोरे बसले होते, हातात एक रिमोट, आणि दुसरा रिमोट माझ्या जागेवर, चटईवर ठेवलेला. पडद्यावर पिवळी गाडी आणि हिरवी गाडी. हिरवी घराजवळ उभी. पिवळी तिच्या पुढे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पहाऱ्यावरच्या शिपायासारखी. पुढे जातच नव्हती. शत्रू वरून चालून येत होते आणि हे तिथूनच जमेल तेवढे मारत होते. तरी एक गोळा सुटलाच आणि हिरवी गाडी फुटली. दुसरी हिरवी आली, तीही तिथेच उभी. मग तीही फुटली. शेवटची फुटली तेव्हा ह्यांनी हात लांब करून डबा बंद केला. पिवळ्या अजून शिल्लक होत्या.

"बंद का केलात?" मी दारातूनच विचारलं.

हे दचकले नाहीत. मागे वळून म्हणाले, "आलीस? तुझ्या गाड्या संपल्या."

"मग एकट्याचा खेळ लावायचा. तोही आहे की त्यात."

"आहे," हे म्हणाले. "एकट्याने पुढे जाऊन तिथे काय करायचं?"

आणि उठून माझ्यासाठी पाणी आणायला गेले.

पुढची काही वर्षं आम्हाला मिळाली. बत्ती जायची, खेळ पहिल्यापासून सुरू व्हायचा. मी कधी पुढे, कधी घराजवळ. कॅसेटचं पारायण पुरं झालं नाही ते नाहीच. लाखांतले आम्ही किती पाहिले कुणास ठाऊक, आणि त्यांतला एकच खरं तर पाहिला.

मग हे गेले. हद्दीच्या आतच गेले, मागितलं होतं तसं. रामघाटावरून मणिकर्णिका काही लांब नाही. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत, मी छतावर उभी होते. तेरावा झाल्यावर मुलगा घर आवरायला लागला. मला पुण्याला न्यायचं ठरलं होतं, आणि आता मला कोण अडवणार होतं? तो भांडी द्यायला खाली गेला तेव्हा मी डबा लावला. फुंकणीने कॅसेट फुंकली. दोघांचा खेळ लावला. ह्या वेळी पिवळी गाडी उभी होती आणि मी हिरवी घेऊन तिच्या पुढे फिरत राहिले, ह्यांनी केलं तसंच. पण मला ते ह्यांच्याइतकं जमलं नाही. पिवळ्या लवकर संपल्या. मी बंद करायला हात पुढे केला, आणि का कोण जाणे, डबा बंद केला नाही. पुढे गेले. त्या दिवशी बत्तीही गेली नाही. जिथवर आम्ही दोघं कधी पोचलो नव्हतो तिथवर गेले. पाण्याची भिंत आली, झाडांची आली, नवीनच आकार होते सगळे, चांगले होते. "अहो, हे बघा" म्हणायला तोंड उघडलं, आणि खोलीत बांधलेल्या ट्रंका होत्या.

तर हे असं आहे. नातीला काय सांगायचं? खरं सांगायचं तर तिचंच बरोबर आहे. आत्ताचे खेळ स्वस्त आहेत, सुंदर आहेत, फसवी कॅसेट नाही, जिथे सोडलं तिथून पुढे चालू होतं, टिचकी मारणारा दुकानदार नाही. त्या पैशात आम्हाला जे मिळालं त्याच्या कितीतरी पट तिला मिळतं. मी तिला तसंच सांगितलं आज सकाळी. ती खूश झाली. म्हणाली, "बाबाला सांगते. आणि आजी, थांब, तुझा तो रणगाड्यांचासुद्धा मिळतो. फुकट."

तिने फोनवर लावून दिला. तोच. तशाच विटा, तसाच पक्षी. मी म्हटलं, "दोघांचा लाव."

"हो. पण मला निघायचंय गं, मीटिंग आहे. दुसरी गाडी कंप्युटर चालवेल, तुला एकटं वाटणार नाही."

मी हिरवी घेतली आणि घराजवळ जाऊन थांबले. पिवळी सुरू झाल्याबरोबर सुसाट वर गेली. एकही गोळा वाया घालवला नाही, सगळे शत्रू मारले, मला काही करावंच लागलं नाही. भिंत पार. दुसरी पार. तिसरी पार.

नात पायात चप्पल सरकवत होती. मी तिला म्हटलं, "याला जरा थांबायला सांगता येतं का गं?"

तिने फोन घेऊन कुठे कुठे बोट फिरवून पाहिलं. "वेग कमी करता येतो आजी. थांबायचं काही दिसत नाही."

"बरं, राहू दे," मी म्हटलं. "तू जा, उशीर होईल."